दोन जादा काडतुसांचा हिशेब

ग्लॉक १९ या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये १५ काडतुसे बसतात. अमेरिकेतल्या बंदुकांच्या दुकानांत या मॅगझिनसाठी प्लास्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा एक पोकळ तुकडा विकत मिळतो. मूळ तळपट्टी सरकवून काढायची, तिच्या जागी हा तुकडा बसवायचा, की १५ ची १७ होतात. कधी स्प्रिंग सोबत येते, कधी येत नाही. काही तुकडे पिस्तूल बनवणाऱ्या कारखान्याचेच असतात, पण बहुतेक तिऱ्हाईत उत्पादकांचे. त्यांना तिथे मॅगझिन एक्स्टेन्शन म्हणतात. हे भरवशाचे असतात का, असे विचारले की वापरणाऱ्याकडून ठरलेले उत्तर मिळते : पाचशे गोळ्या झाडल्या, एकदाही अडकले नाही. उत्तर प्रामाणिक असते, आकडाही खरा असतो. पण त्यात मोजायची गोष्ट सोडून दुसरीच मोजलेली असते. ती कशी, हे समजण्यासाठी आधी मॅगझिन करते काय ते पाहायला हवे.

मॅगझिन म्हणजे गोळ्या ठेवायची डबी, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक तो पिस्तुलाचा चालता भाग आहे, आणि स्वयंचलित पिस्तुलाच्या सगळ्या भागांत सर्वांत घाईचे काम त्याच्या वाट्याला येते. गोळी सुटली की वरची स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि परत पुढे येते. ग्लॉक १८ हे याच घराण्यातले, सलग गोळ्या झाडणारे पिस्तूल मिनिटाला सुमारे १,२०० चा वेग गाठते. म्हणजे स्लाइडच्या एका फेरीला सेकंदाचा विसावा हिस्सा लागतो. त्यातला बराचसा वेळ स्लाइड मॅगझिनच्या वरच असते आणि खालच्या काडतुसाला दाबून धरते. ती पुरती मागे गेल्यावर क्षणभर वाट मोकळी होते. तेवढ्यात पुढचे काडतूस वर येऊन, मॅगझिनच्या तोंडाशी वळवलेल्या पत्र्याच्या ओठांखाली नीट टेकले पाहिजे, म्हणजे परत येणारी स्लाइड त्याला ढकलून नळीत नेईल. समजा, ही मोकळीक सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाची आहे आणि काडतुसाला आठ मिलिमीटर वर यायचे आहे. मग त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट त्वरण लागेल. नऊ मिलिमीटरचे एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचे असते. पंधरांची उतरंड झाली १८० ग्रॅमची. ती एवढ्या झपाट्याने उचलायची तर तीन किलो वजन पेलण्याइतका जोर हवा, आणि यात घर्षण अजून धरलेलेच नाही. सतरा काडतुसे असतील तर साडेतीन किलो. हा सगळा जोर नागमोडी वळवलेल्या एका बारीक तारेतून यायचा असतो.

ही तार, म्हणजे स्प्रिंग, रॉबर्ट हूकने सतराव्या शतकात सांगितलेल्या नियमाने चालते : जितकी दाबाल तितकी ती उलट ढकलते. भरलेल्या मॅगझिनमध्ये ती सर्वांत जास्त दबलेली असते आणि तिच्यावरचे ओझेही सर्वांत जास्त असते. शेवटच्या काडतुसाशी येईतो ओझे नाममात्र उरते, पण तीही ताणून सैल झालेली असते. मूळ मॅगझिन आखणाऱ्याने ही दोन्ही टोके सांभाळलेली असतात. आता तळ वीस मिलिमीटर खाली सरकवा आणि स्प्रिंग जुनीच ठेवा. समजा, मोकळी असताना ती २०० मिलिमीटर लांब आहे आणि शेवटच्या काडतुसाच्या वेळी आधी ९० मिलिमीटरवर दबलेली असायची, म्हणजे दाब ११० चा. आता तिला ११० मिलिमीटर जागा मिळाली, दाब उरला ९० चा. जोर १८ टक्क्यांनी घटला, आणि तोही नेमका जिथे तो आधीच सर्वांत कमी होता तिथे. शेवटची दोन-तीन काडतुसे आळसावल्यासारखी वर येतात, झटक्याने त्यांचे नाक खाली झुकते, किंवा स्लाइड त्यांच्यावरून तशीच पुढे निघून जाते. मॅगझिन रिकामे झाल्यावर स्लाइड मागे अडकून राहायला हवी, तीही राहत नाही, कारण तिचा खटका वर उचलण्याचे कामही याच स्प्रिंगकडे असते.

यावर उपाय म्हणून चांगले उत्पादक जास्त वेटोळ्यांची लांब स्प्रिंग देतात. शेवटच्या काडतुसांना ती खरोखर उपकारक ठरते. पण वेटोळी वाढली की पूर्ण दबल्यावर एकमेकांवर बसलेल्या तारांची जाडीही वाढते, आणि ती जागा वाढवलेल्या तळातूनच काढावी लागते. काडतुसे दोन रांगांत आलटूनपालटून रचलेली असल्याने प्रत्येक नवे काडतूस स्वतःच्या जाडीपेक्षा कमी उंची खाते, त्यामुळे थोड्या जागेत दोन-तीन बसवण्याचा मोह होतो. वेष्टनावर ‘अधिक दोन’ऐवजी ‘अधिक तीन’ छापता आले तर माल जास्त खपतो, हेही आहेच. तिसऱ्या काडतुसाची जागा स्प्रिंगच्या वाटणीतून गेली, की भरलेल्या मॅगझिनमध्ये वेटोळी एकमेकांवर घट्ट बसतात. मग पहिले काडतूस सरकायला नको इतके आवळले जाते आणि तारेवर तिच्या लवचिकतेच्या मर्यादेपलीकडचा ताण येतो. भरून ठेवलेले मॅगझिन स्प्रिंग निकामी करते, असा एक जुना समज आहे. मर्यादेत राहून दबलेली चांगल्या पोलादाची स्प्रिंग वर्षानुवर्षे तशीच राहिली तरी तिचे फारसे बिघडत नाही. तिला झिजवतात ती दाबण्या-सुटण्याची आवर्तने आणि मर्यादेपलीकडचा दाब. हा दुसरा दोष एक्स्टेन्शन बाहेरून आणून देते. तेव्हा ज्या मॅगझिनांची आखणी बरोबर आहे त्यांच्यापुरता तो समज चुकीचा, आणि कोंबून भरलेल्यांपुरता खरा.

सांधा हा आणखी एक नाजूक भाग. मूळ मॅगझिनची नळी आतून वरपासून खालपर्यंत सलग असते. एक्स्टेन्शन बसवले की नळीची खालची कडा आणि नव्या तुकड्याची भिंत यांच्यात एक पायरी तयार होते. नखाने चाचपली तर ती लगेच जाणवते. मॅगझिन पूर्ण भरले की काडतुसांना वर ढकलणारा फॉलोअर या पायरीच्या आसपास किंवा खाली जातो. दोन-चार गोळ्या सुटल्यावर त्याला ती ओलांडून वर यायचे असते. फॉलोअरची कड किंवा स्प्रिंगचे एखादे वेटोळे तिथे क्षणभर जरी अडले, तरी आपण मघाशी हिशेब केलेला शंभरावा हिस्सा हातचा गेला. शिवाय मूळ तळपट्टी नळीच्या दुमडलेल्या कडांवर सरकून बसते. नवा तुकडा त्याच कडांना धरून असतो, पण आता त्याचे वजन जास्त आणि लांबीही जास्त. भरलेले मॅगझिन फरशीवर पडले की घाव या तुकड्यावर बसतो, आणि तो निसटला तर स्प्रिंगसकट सगळी काडतुसे खाली सांडतात.

या सगळ्यात नवे काही नाही. मॅगझिनमध्ये गोळ्या वाढवायला गेले की भरवसा घटतो, हा धडा विसाव्या शतकातल्या सैनिकांनी पुन्हा पुन्हा गिरवला. १९४१ मध्ये ब्रिटनने घाईने उभी केलेली स्टेनगन ३२ गोळ्यांचे मॅगझिन घेऊन आली. जर्मन एमपी ४० सारखीच त्याची रचना : आत दोन रांगा, तोंडाशी मात्र एक. दोन रांगांची एक होते त्या निमुळत्या जागी काडतुसे एकमेकांना खेटतात. अनुभवी सैनिक त्यात ३२ ऐवजी २८ किंवा ३०च भरत. व्हिएतनाममध्ये एम १६ च्या २० गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये अनेक जण १८ भरत, तेही मॅगझिन अडू नये म्हणूनच. स्टेनच्या जागी आलेल्या स्टर्लिंगच्या मॅगझिनमध्ये मात्र ३४ गोळ्या बसतात, स्टेनपेक्षा दोन जास्तच, आणि तरी त्या मॅगझिनची ख्याती उत्तम आहे. जॉर्ज पॅचेटने नळीला बाक दिला, तोंडाशी दोन्ही रांगा तशाच ठेवल्या आणि फॉलोअरला छोटे रूळ बसवले, म्हणजे तो घासण्याऐवजी गडगडत वर येतो. याच स्टर्लिंगची भारतीय आवृत्ती कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनली, आणि कार्बाइन म्हणून ती आपल्याकडे लष्करात आणि पोलिसांत वर्षानुवर्षे वापरात राहिली. दोन गोळ्या वाढवणे अशक्य नाही, हे पॅचेटने दाखवून दिले. त्यासाठी त्याला अख्खे मॅगझिन नव्याने आखावे लागले, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट.

पिस्तुलाला तर एवढीही मोकळीक नसते. मॅगझिन मुठीत मावले पाहिजे, म्हणून ते अरुंद, आणि म्हणून तोंडाशी एकच रांग. १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरने या रचनेत १३ काडतुसे बसवून दाखवली. जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये वारल्यावर ते काम द्यूदोने सेव्ह याने तडीस नेले. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार होणारे आपल्या सेनादलांचे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल याच वंशातले, १३ गोळ्यांचे. तेव्हापासून आजवरची जवळजवळ सगळी मोठी पिस्तुले हीच निमुळती वाट वापरतात. स्टेनची दुखरी जागा त्यांच्यातही आहे. फक्त ती काटेकोरपणे सांभाळलेली आहे.

ती किती काटेकोर असावी लागते हे अमेरिकी सैन्याला इराकमध्ये कळले. एम ९ पिस्तुलाचे मॅगझिन १५ गोळ्यांचे. २००३ नंतर तिथून तक्रारी येऊ लागल्या की काडतुसे वर येत नाहीत. गोळ्यांची संख्या तीच होती, आकार तोच होता. काही मॅगझिनांना दिलेला फॉस्फेटचा थर जाड आणि खरखरीत होता, आणि इराकची पिठासारखी बारीक धूळ त्याला चिकटून बसत होती. घर्षण तेवढ्याने वाढले आणि स्प्रिंग हरली. पुढे गुळगुळीत लेपाची मॅगझिने आली तेव्हा तक्रारी ओसरल्या. आतल्या भिंतीचा पोत बदलला एवढ्याने लष्कराचे पिस्तूल अडते, तर भिंतीत एक पायरी आणि खाली नवा तळ आल्यावर सगळे पूर्ववत चालेल असे गृहीत धरता येत नाही. चालेलही. पण ते सिद्ध करण्याची जबाबदारी तुकडा विकणाऱ्यावर आणि वापरणाऱ्यावर येते.

आता त्या पाचशे गोळ्यांकडे वळू. संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे. एखादी गोष्ट ठरावीक वेळा करून पाहिली आणि एकदाही बिघाड झाला नाही, तर तीनला त्या संख्येने भागावे. बिघाडाचे खरे प्रमाण त्याहून जास्त नसावे, असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. पाचशे गोळ्या बिनबोभाट गेल्या, तर पाचशेत तीन, म्हणजे हजारात सहा. आकडा दिलासा देणारा आहे. पण या हिशेबात प्रत्येक गोळी सारखी धरलेली आहे, आणि आपण पाहिले की ती सारखी नसते. मधल्या दहा गोळ्यांना एक्स्टेन्शनचा फारसा त्रास होत नाही. त्रास आहे तो भरलेल्या मॅगझिनच्या पहिल्या दोन-तीन गोळ्यांना आणि रिकामे होत आलेल्या मॅगझिनच्या शेवटच्या दोन-तीनांना. ही कसोटी दर भरणीला एकदाच लागते. सतरा गोळ्यांचे मॅगझिन तीस वेळा भरले की पाचशे दहा गोळ्या होतात. म्हणजे खऱ्या अर्थाने प्रयोग झाले तीस. तिसांत तीन, म्हणजे दहा टक्के. पाचशे गोळ्यांत एकदाही न अडकलेले एक्स्टेन्शन दर दहा भरण्यांत एकदा अडकणारे असू शकते, आणि एवढ्या चाचणीला ते कळणार नाही. त्यातही कोणी सोयीसाठी दहा-दहाच गोळ्या भरून सराव केला असेल, तर पहिल्या टोकाची परीक्षा झालेलीच नाही. एक्स्टेन्शनचा भरवसा गोळ्यांत मोजू नये, भरण्यांत मोजावा. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मान्य झाले तर लोकांच्या सांगण्यातले बहुतेक आकडे आपोआप लहान होतात.

यावर पहिला आक्षेप स्पर्धकांचा. वेगवान नेमबाजीच्या अमेरिकेतल्या स्पर्धांत अनेक पिस्तुलांची मॅगझिने वाढवलेलीच असतात. एका गटात सुमारे १४० मिलिमीटर लांबीपर्यंत, खुल्या गटात सुमारे १७० पर्यंत मुभा आहे. हे लोक वर्षाला हजारो गोळ्या झाडतात, आणि एक्स्टेन्शन भरवशाची नसती तर त्यांनी ती केव्हाच टाकून दिली असती. आक्षेप वजनदार आहे. पण स्पर्धक काय करतात तेही पाहावे. प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक घालतात, कुठले अडले याची नोंद ठेवतात, अडणारे बाजूला काढतात. स्प्रिंग ठरावीक काळाने बदलतात. मॅगझिन वाळूत पडले तर दोन फेऱ्यांच्या मधे उघडून ब्रशने आतून साफ करतात. कित्येकदा पत्र्याचे ओठ मोजून जुळवून घेतात. एक्स्टेन्शन भरवशाचे होऊ शकते, हे त्यांनी नक्कीच सिद्ध केले आहे. पण तो भरवसा त्यांनी मेहनतीने कमावलेला असतो, तुकड्याबरोबर पिशवीतून येत नाही. आणि इतके करूनही अडलेच, तर त्यांचे जातात दोन-तीन सेकंद आणि काही गुण.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : जिवावर बेतली तर दोन गोळ्या जास्त असलेल्या बऱ्या. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे आठ जण आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. पाच मिनिटांच्या आत सुमारे १४५ गोळ्या सुटल्या. दोन अधिकारी मारले गेले, पाच जखमी झाले. अनेकांजवळ सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हरे होती. त्यानंतर अमेरिकी पोलिसांनी जास्त गोळ्यांच्या पिस्तुलांकडे धाव घेतली, आणि त्यांना चूक म्हणता येत नाही. सहावरून पंधरावर जाणे हा मोठा फरक आहे. पंधरावरून सतरावर जाणे तसे नाही. न्यूयॉर्कचे पोलीस दल आपल्या गोळीबारांचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करते. त्यात हल्लेखोराला तोंड देणाऱ्या बहुतेक अधिकाऱ्यांनी झाडलेल्या गोळ्या पाचाच्या आतबाहेर असतात. सोळावी आणि सतरावी गोळी लागण्याचा प्रसंग फार विरळा. उलट भरगच्च स्प्रिंगचा दोष दुसऱ्या-तिसऱ्या गोळीलाच आडवा येतो, आणि तिथवर बऱ्याच चकमकी जातात. विरळा लाभासाठी नेहमीची जोखीम पत्करण्याचा हा सौदा आहे. ज्यांना जास्त गोळ्या खरोखर हव्या होत्या त्यांनी वेगळा मार्ग धरला. २०१७ मध्ये अमेरिकी सैन्याने निवडलेल्या एम १७ पिस्तुलाबरोबर १७ गोळ्यांचे आणि २१ गोळ्यांचे अशी दोन प्रकारची मॅगझिने येतात. २१ चे मॅगझिन नळी, स्प्रिंग, तळ यांसकट मुळातून लांब बनवलेले आहे. त्यात सांधा नाही.

या विषयाची एक बाजू यंत्रापलीकडची आहे आणि ती टाळून लिहिणे मला योग्य वाटत नाही. ८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये एका हल्लेखोराने ३३ गोळ्यांच्या मॅगझिनने सहा जणांचा जीव घेतला. तो मॅगझिन बदलू लागला तेव्हा लोकांनी त्याला खाली पाडले. ६१ वर्षांच्या एका बाईने त्याच्या हातचे दुसरे मॅगझिन हिसकावून घेतले. पुढच्याच वर्षी कोलोराडोतल्या ऑरोरा इथे बारा माणसे मारणाऱ्याची रायफल १०० गोळ्यांच्या गोल ड्रम मॅगझिनमुळे अडकली, नाहीतर बळी वाढण्याची शक्यता होती. त्यानंतर कोलोराडोने २०१३ पासून १५ पेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिने विकायला आणि नव्याने बाळगायला बंदी केली. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत मर्यादा दहाची आहे. १९९४ ते २००४ या दहा वर्षांत दहाहून जास्त गोळ्यांची नवी मॅगझिने साऱ्या देशातच सामान्यांना मना होती. ग्लॉक १९ च्या पंधराच्या मॅगझिनला अधिक दोनचा तुकडा लावला की कोलोराडोत ते कायद्याची रेषा ओलांडते. भारतात नऊ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य परवानाधारकाला निषिद्धच आहे, त्यामुळे आपल्या वाचकांसाठी हा प्रश्न खरेदीचा नाही. पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तिथे कायदेशीरपणे शस्त्र बाळगणाऱ्या मराठी कुटुंबांना हा तुकडा दुकानात सहज दिसतो. राज्याची सीमा ओलांडली की त्याचा अर्थ बदलतो, हे त्यांना माहीत असलेले बरे.

राहता राहिला चाचणीचा प्रश्न. शंभर भरण्यांत एकापेक्षा जास्त बिघाड नाही असे ९५ टक्के खात्रीने म्हणायचे, तर तीनशे भरण्या बिनचूक पार पडल्या पाहिजेत. सतराच्या मॅगझिनला त्या ५,१०० गोळ्या होतात. शिवाय हा निकाल फक्त त्या एका मॅगझिनला, त्या एका स्प्रिंगला आणि त्या एका पिस्तुलाला लागू पडतो. दुसऱ्या मॅगझिनला तोच तुकडा बसवला की मोजणी पुन्हा एकपासून. तीनशे वेळा भरून रिकामी केलेली स्प्रिंगही तोवर नवी उरलेली नसते. एवढा खर्च पिस्तुलाचा कारखाना करू शकतो, लष्कर करू शकते, एखादा हट्टी स्पर्धक करू शकतो. घरातल्या कपाटात संरक्षणासाठी पिस्तूल ठेवणारा माणूस तो करत नाही, आणि त्याने करावा अशी अपेक्षाही नाही. त्याने मॅगझिनला मूळ तळपट्टीच राहू द्यावी.